सरळ कोपर

आमच्या सासरी माणसाचं कोपर बघतात. मला बघायला आले तेव्हा माझंही बघितलं असणार, फक्त तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. माझे आजेसासरे गोलंदाज होते. सासरे, म्हणजे अण्णा, बँकेच्या टीमकडून केस पांढरे होईपर्यंत मध्यमगती गोलंदाजी करत होते. माझा नवरा परेश ऑफस्पिनर. तो युनिव्हर्सिटीपर्यंत खेळला, मग दुबईत नोकरी लागली आणि सुटला. सुटला हा माझा शब्द, त्याचा शब्द वेगळा आहे. या तिघांचा मिळून मोठा पराक्रम एकच, की त्यांच्या कोपराकडे एकाही अंपायरनं कधी संशयानं पाहिलं नाही. किती विकेट्स काढल्या हे अण्णा विचारल्यावर सांगतात, पण कोपराचं न विचारताच सांगतात.

माझ्या माहेरी कॅरमच्या पुढे कोणाची मजल गेली नव्हती, त्यामुळे मलाही हे सगळं लग्नानंतर शिकावं लागलं. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना हात सरळ लागतो. कोपर वाकवून झटका दिला की ते टाकणं राहत नाही, फेकणं होतं, आणि असा गोलंदाज फेकी ठरतो. फेकी हा शब्द आमच्या घरात फार जपून वापरतात. टीव्हीवर एखादा संशयास्पद हाताचा गोलंदाज आला की अण्णा चॅनेल बदलतात. बाकीच्या घरांत लहान मुलं बसलेली असताना बदलतात ना, तसं.

आणि यांच्याकडे एक रीत आहे. सीझनच्या पहिल्या मॅचच्या सकाळी घरातला वडीलधारा गोलंदाज धाकट्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला कुंकवाचं बोट लावतो, त्याचा दंड आणि मनगट धरून हात ताणतो, आणि म्हणतो, "सरळ राहा." बस, एवढंच. अण्णांना त्यांच्या वडिलांनी लावलं, परेशला अण्णांनी. मी चेष्टेनं याला कोपरपूजा म्हणायचे. परेश हसायचा, आणि अण्णांसमोर म्हणू नकोस असंही सांगायचा.

आमचा मुलगा तन्मय इथे दुबईत, ऊद मेथाच्या शाळेत असताना चौदा वर्षांखालच्या टीममध्ये होता. एका मॅचमध्ये स्क्वेअर लेगच्या अंपायरनं हात आडवा केला, नो बॉल. पुढच्या चेंडूला परत. मग कॅप्टननं त्याच्याकडून बॉल काढून घेतला. बापलेक घरी आले ते मयताहून आल्यासारखे. रात्री परेशनं भारतात अण्णांना बोटिमवर व्हिडिओ कॉल लावून सांगितलं. स्क्रीनवर अण्णा नुसतेच दिसत होते, हलेनात, बोलेनात. मला वाटलं नेट अडकलं. पण अडकलं नव्हतं.

"आमच्यात कोणाचं असं नव्हतं," अण्णा शेवटी म्हणाले. "अनुपमाकडे कोणाचं आहे का, विचार."

मी तिथेच उभी होते. म्हटलं, "अण्णा, आमच्याकडे सगळ्यांची कोपरं वाकतात. जेवताना उपयोगी पडतं." त्यावर कोणी हसलं नाही.

मग उपाय सुरू झाले. अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमागे पार्किंग आहे. परेश ऑफिसमधून आला की तन्मयच्या हाताला आतून लाकडी फूटपट्टी लावायचा, वरून क्रेप बँडेज गुंडाळायचा, आणि बॉलिंग करायला लावायचा. फोन गाडीच्या बॉनेटवर उभा केलेला. फोनमध्ये अण्णा. इकडून परेश ओरडायचा, "सरळ!" तिकडून अण्णा ओरडायचे, "सरळ!" आणि मधे माझा मुलगा उन्हाळ्याच्या त्या भट्टीत घामाघूम होऊन लाकडी हातानं बॉल टाकायचा. फूटपट्टी असली की हात सरळ. काढली, आणि पुढ्यात खरा बॅट्समन आला, की कोपर वाकलंच. हे दोन वर्षं चाललं. मी भांडले, अबोला धरला, एकदा ती फूटपट्टी कचऱ्यात टाकली. परेशनं दुसरी आणली. तो दुष्ट नाही हो. त्याला खरंच वाटत होतं की तो मुलाला वाचवतोय.

त्या दोन वर्षांत कोपराला कुंकू मात्र लागलं नाही. अण्णांचा नियम होता, आधी हात सरळ होऊ दे. दर सीझनला ते इथे असोत नसोत, तन्मय मॅचच्या सकाळी बाही वर करून आमच्या आसपास घुटमळायचा. मग बाही खाली करून निघून जायचा. पुढे टीममधूनच नाव गेलं आणि तेही थांबलं.

एक दिवस तो क्लबच्या मैदानावर मित्रांची मॅच बघत बाऊंड्रीबाहेर बसला होता. बॉल त्याच्याकडे आला तसा त्यानं उचलून कीपरकडे फेकला. नुसता फेकला, काही विचार न करता. शेजारच्या मैदानावरून टोपी घातलेला एक माणूस जाळी ओलांडून धावत आला. ते मुश्ताक सर, लाहोरचे, तिथले बेसबॉलचे कोच.

"ये बच्चा किसका है?" त्यांनी मला विचारलं. "भाभी, ये हाथ मुझे दे दो."

बेसबॉलमध्ये गोलंदाजाच्या जागी पिचर असतो. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहून तो बॉल टप्पा न पाडता बॅटरच्या अंगावरून कॅचरच्या हातात फेकतो. हो, फेकतो. कोपर वाकवून, सगळा झटका देऊन. आमच्या घरातलं पाप तिथे नियमात बसत होतं. तन्मयला आधी ते खरंच वाटेना. "सो आय कॅन जस्ट थ्रो इट?" असं त्यानं मुश्ताक सरांना दोनदा विचारलं.

पहिलं वर्ष इतकं सुखाचं गेलं की मी कोणाला सांगायचीसुद्धा नाही, दृष्ट लागेल म्हणून. पोरगं पोटभर जेवायला लागलं. धाकट्या आभाला उगीचच चिडवायला लागलं. परेश मात्र एकदाही बघायला गेला नाही, दर वेळी त्याचा नेमका कॉल असायचा. अण्णा फोनवर विचारायचे, "काय म्हणतोय तो दगडफेकीचा खेळ?" पण तन्मयनं कधी मनाला लावून घेतलं नाही. निदान मला तसं वाटलं.

मग या उन्हाळ्यात क्लबनं सांगितलं, अठराखालची टीम जपानला नेणार, आणि तिथे एका मोठ्या अकॅडमीत पूर्ण सीझन ट्रेनिंग मिळणार. पिचरच्या जागा मोजक्या. निवड ऑक्टोबरमध्ये, ऊन उतरल्यावर. मुश्ताक सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इन्शाल्ला, एक जगह तो इसी की है." तन्मयला आयुष्यात काही हवंय असं मी पहिल्यांदा बघितलं. त्यानं जपानचा नकाशा भिंतीवर लावला. आणि त्याच महिन्यात त्याचा हात बिघडला.

बिघडला म्हणजे दुखत नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं, बर्फ लावला असता. बॉल हातातून सुटायचा तो कॅचरच्या डोक्यावरून जाळीत, नाहीतर सरळ पुढ्यात मातीत. आधी कधीतरी, मग रोज. फिजिओनं सगळं तपासून सांगितलं, हातात काही दोष नाही. मुश्ताक सरांनी डोक्याला बोट लावलं. "पिचर लोगों को होता है भाभी. हाथ ठीक है. यहां कोई बैठ गया है."

तन्मय बाथरूमचं दार लावून आरशासमोर तासन्‌तास फेकण्याचा सराव म्हणून टॉवेल झटकायचा. झटक्याचा आवाज बाहेर यायचा. मी बाहेर पोळ्या लाटत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आता तरी नीट येऊ दे. एरवी त्याची उत्तरं इंग्लिशमध्येच. एकदा मात्र बाहेर येऊन तो मराठीत म्हणाला, "आई, हात वर नेला ना, की बाबा आणि आजोबा ओरडल्यासारखं वाटतं."

"काय ओरडतात?"

"यू नो व्हॉट."

मी तडक परेशकडे गेले. मनात होतं ते सगळं बोलले. त्यानं लॅपटॉप मिटला आणि शांतपणे म्हणाला, "अगं, मी तर आता काहीच बोलत नाही." ते खरं होतं. भांडायलासुद्धा मला काही शिल्लक ठेवलं नाही त्यानं. मग म्हणाला, "दसऱ्याला अण्णा येतायत. मी बोलतो त्यांच्याशी."

तो काय बोलला मला माहीत नाही. पण अण्णा आले ते जरा वेगळे वाटले. थकले होते, हातात काठी आली होती, एअरपोर्टवर व्हीलचेअर घेतली होती, पूर्वी कोणी नुसतं विचारलं तरी चिडायचे. दसऱ्याला आमच्याकडे पाटावर बॉल मांडतात. आजेसासऱ्यांचा काळाठिक्कर पडलेला, अण्णांचा, परेशचा, शिवण उसवलेले तीन बॉल, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. पूजा झाल्यावर अण्णा उठले, तन्मयच्या खोलीत गेले आणि त्याचा पांढरा बेसबॉल घेऊन आले. चौथा म्हणून पाटावर ठेवला. त्यावर फूल वाहिलं.

"इज दॅट माइन?" तन्मयनं विचारलं.

"मग काय माझा?" अण्णा म्हणाले. "खेळ तो खेळ. हात आपल्या घरचा आहे ना!"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. श्रीखंड वाढायला आले तर तन्मय अण्णांना बोटं बॉलच्या शिवणीवर कशी ठेवायची ते दाखवत होता, आणि अण्णा अगदी विद्यार्थ्यासारखे मान हलवत होते. त्या आठवड्यात त्याचा हात सुधारला. मुश्ताक सरांचा फोन आला, "भाभी, क्या खिलाया इसको?" सगळे बॉल जिथे हवे तिथे जात होते. मी देवापुढे साखर ठेवली. आता सांगते, माणसानं इतक्या लवकर साखर ठेवू नये.

निवडीच्या सकाळी आम्ही सगळे निघालो. परेशसुद्धा, कॉल नसलेला परेश. मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभी, आभा चप्पल शोधतेय, आणि अण्णा आतून कुंकवाचा करंडा घेऊन आले. धुतलेला शर्ट घातला होता. केस पाणी लावून बसवलेले.

"तन्मय, इकडे ये. हात दे."

मला कळलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. मी परेशकडे पाहिलं, त्याचे डोळे भरून आले होते. मी तन्मयकडे पाहिलं. त्यानं बाही आधीच वर केली होती. सतरा वर्षांचं ताडमाड पोरगं, लहानपणी घुटमळायचं तसंच उभं होतं, फक्त या वेळी त्याला कोणी परत पाठवणार नव्हतं. अण्णांनी कुंकवाचं बोट टेकवलं. एका हातानं दंड धरला, एका हातानं मनगट, आणि हात ताणला. नीट, प्रेमानं, शेवटपर्यंत.

"सरळ राहा," अण्णा म्हणाले.

तन्मय वाकून त्यांच्या पाया पडला. मी काय म्हणणार होते? अण्णा, नको? त्याचं ते काढून घेऊ? सांगा तुम्ही. मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

मैदान शहराबाहेर आहे, तीन बाजूंना वाळू आणि चौथ्या बाजूला हायवे. ऊन अजून कोवळं होतं. अण्णांना शेडमध्ये खुर्ची मिळाली. "ते टेकाड कशाला केलंय मधे?" त्यांनी विचारलं, आणि पिचर त्यावरून फेकतो हे कळल्यावर म्हणाले, "अच्छा, म्हणजे उंचीचा फायदा." मुश्ताक सर येऊन त्यांच्या पाया पडल्यासारखं वाकले. "अंकल, बस दुआ कीजिए." अण्णा म्हणाले, "वो तो हम घर से करके आये हैं."

तन्मयचं नाव पुकारलं. तो त्या उंचवट्यावर गेला, टोपी नीट केली, पाय उचलला. पहिला बॉल मातीत. होतं असं, मी स्वतःला सांगितलं. दुसरा कॅचरच्या डोक्यावरून जाळीवर. तिसरा बॅटरच्या पाठीमागून गेला आणि तो पोरगा उडी मारून बाजूला झाला. वहीवाले दोघं परीक्षक एकमेकांकडे न बघता बसले होते. असे चार बॉल चुकले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. तो चालत गेला, मग दुसरा आला, तोही तसाच चालत गेला. बॅट हलवायचीसुद्धा गरज पडत नव्हती कोणाला.

इथून तिथे किती असेल, हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. आणि मला काही करता येत नव्हतं. तो मध्येच थांबायचा, डाव्या हातानं उजव्या कोपराची आतली बाजू चोळायचा. कुंकू होतं तिथे. मग हात दोनदा ताणून सरळ करायचा, आणि पुन्हा उभा राहायचा.

परेश जाळीला बोटं अडकवून उभा होता. त्यालाही दिसत होतं. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "सांग ना त्याला. ओरड. वाकव म्हणावं."

परेशनं तोंड उघडलं. मी शपथेवर सांगते, त्यानं प्रयत्न केला. पण त्या घरात आजवर कोणी ते वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि त्याच्याही तोंडून ते निघालं नाही. "शाबास!" तो ओरडला. "शाबास तन्मय!" मग मीच ओरडले, "वाकव रे!" पण मी कोण? मला खेळातलं काय कळतं, हे त्या मुलानं जन्मापासून ऐकलेलं होतं.

मुश्ताक सर उंचवट्यावर गेले, त्याच्या कानात काहीतरी बोलले, पाठीवर थाप मारली. तन्मयनं मान हलवली. सर परत आले. नवा बॅटर उभा राहिला. तन्मय बराच वेळ तसाच उभा. मग त्यानं पाय उचलला, हात मागे गेला, वर आला, आणि कानाजवळून पूर्ण गोल फिरून खाली आला. सरळ. खांद्यापासून मनगटापर्यंत एक रेघ, फूटपट्टी बांधल्यासारखी. बॉलनं बॅटरच्या पुढे टप्पा घेतला, आत वळला, आणि जिथे मधला स्टंप असता तिथून कॅचरच्या पॅडवर आपटला.

"आई, व्हाय इज ही बोलिंग?" आभानं विचारलं.

आणि अण्णा उभे राहिले. काठीशिवाय. "वा रे पठ्ठ्या!" ते टाळ्या वाजवत ओरडले. "परेश, पाहिलास का हात? काय हात आला! अरे, कोण म्हणेल आता याला!"

तन्मयनं त्या आवाजाकडे वळून पाहिलं. आणि तो हसला. सगळ्यात वाईट ते होतं. इतकी वर्षं वाट बघितलेली टाळी मिळाली म्हणून पोरगं क्षणभर खरोखर खुशीत हसलं. मग त्याला आपण कुठे उभे आहोत ते आठवलं असावं. त्यानं हाताकडे पाहिलं. परीक्षकांपैकी एकानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

मैदानावर दुसरी टाळी नव्हती. अण्णांचे हात हळूहळू थांबले. त्यांनी मुश्ताक सरांकडे पाहिलं, परेशकडे पाहिलं, कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. "का गं, अनुपमा? चुकलं का काही?"

मला राग आला होता त्यांचा, वर्षानुवर्षांचा. आणि त्या प्रश्नाला मी नुसती त्यांच्या हातात काठी दिली. "बसा अण्णा," म्हटलं. तिकडे मुश्ताक सर तन्मयच्या हातातून बॉल घेत होते. "खलास, बेटा. बस. खलास." ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली घेऊन आले.

परत येताना गाडी मी चालवली. परेशनं किल्ली मागितलीच नाही, शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिला. मागे आभा, अण्णा आणि तन्मय. बराच रस्ता गेल्यावर आरशात पाहिलं तर अण्णांनी तन्मयचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. घामानं कुंकू ओघळून मनगटापर्यंत आलं होतं. अण्णांनी खिशातला रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं ओला केला, आणि ते पुसायला लागले. डाग निघेना तसे जोर लावून पुसायला लागले.

मग त्यांनी एक हात त्याच्या दंडाला लावला, एक मनगटाला. सकाळसारखंच.

"वाकव," अण्णा म्हणाले. "वाकव बाळा. मी सांगतोय ना. वाकव."

तन्मयनं हात सैल सोडला. अण्णांनी तो घडी घातल्यासारखा मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

"इट बेंड्स, आजोबा," तन्मय खिडकीबाहेर बघत म्हणाला. "इथे वाकतो."

समोर सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. मी गाडी पुढे घेतली. आरशात अण्णा अजून त्याचा हात वाकवून बघत होते.